आठ फण्यांचा जीव

माझे सासरे बोलताना समोरच्या माणसाकडे बघत नसत. २००८ सालच्या मे महिन्यात ते आमच्याकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला राहायला आले आणि पहिल्याच जेवणाला ही गोष्ट माझ्या डोक्यात गेली. मी विचारलं, "बाबा, आमटीला मीठ बरोबर आहे ना?" त्यांनी तोंड फ्रिजकडे वळवलं आणि फ्रिजला सांगितलं, "बरोबर आहे नं. उत्तम झाली." मी पुण्याची. फटकळ माणसं मला नवीन नाहीत, पण आमच्याकडची माणसं जे बोलायचं ते निदान तोंडावर बोलतात. इथे दोन तास खपून भरली वांगी केली मी आणि कौतुक झालं फ्रिजचं.

भांडी डिशवॉशरला लावताना मी नवऱ्याला विचारलं, "तुझ्या बाबांचं माझ्याशी काही बिनसलंय का?"

"नाही यार. मास्तर माणूस आहे. आयुष्यभर मागच्या बाकाकडे बघून बोललेत." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि डोळ्यांचं सांगितलं ना मी तुला."

सांगितलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासून निदान केलं होतं की पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, हळूहळू जाणार, आणि गेलेलं परत येणार नाही. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. तेव्हा अजून दिसतंय तोवर नातीला, म्हणजे आमच्या लेकीला, डोळे भरून पाहून घ्यावं, म्हणून ते आले होते. मी माझ्या आजीचा मोतीबिंदू पाहिलेला. कमी दिसतं म्हणजे सगळंच धुक्यातलं दिसतं, एवढीच माझी समज. 'मधला भाग' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. समुद्र तिथून कुठल्याही दिशेला भरपूर लांब. तरी अभ्यासक्रमातले निम्मे प्राणी समुद्रातले. त्यामुळे स्पंज, जेलीफिश, तारामासा हे सगळे त्यांनी बरण्यांतून शिकवले. प्रयोगशाळेच्या कपाटात बरण्या ओळीनं मांडलेल्या असत आणि त्यातल्या एका बरणीवर लेबल होतं टिनोफोरा. म्हणजे कॉम्ब जेली, अंगावर फण्यांच्या आठ ओळी असलेला जीव. बरणीत मात्र नुसतं गढूळ फॉर्मलिन. तो प्राणी इतका मऊ, की टिकवायला म्हणून औषधात घातला तर औषधातच विरघळून जातो. दरवर्षी नवीन वर्ग विचारायचा, "सर, यात काय आहे?" आणि बाबा म्हणायचे, "होता. विरघळला." वर्ग हसायचा, आणि तास पुढे सरकायचा.

हा किस्सा त्यांनी आल्या आल्या आम्हाला तीनदा ऐकवला. दर वेळी फ्रिजला.

सामानात भाजणी आणि सांडग्यांबरोबर त्यांनी एक गुंडाळलेला तक्ता आणला होता. कापडाची पाठ असलेला, त्यांनी स्वतः रंगवलेला, सगळ्या प्राण्यांचा वृक्ष. नात तेव्हा सात वर्षांची. तिच्या खोलीत, राजकन्यांच्या स्टिकरांच्या शेजारी, तो तक्ता टांगला गेला. अगदी बुंध्याशी फुटलेली पहिली फांदी स्पंजची होती. तिथून वर कॉम्ब जेली, जेलीफिश, किडे, शिंपले, मासे, आणि शेंड्याच्या जवळ एका कोपऱ्यात माणूस. "माणूस शेंड्यावर का नाही?" मी विचारलं. "शेंडा नसतोच," ते म्हणाले. "सगळ्या फांद्या आजच्या दिवसापर्यंत आलेल्या असतात. झुरळही आजचाच आहे नं, आणि तूही." झुरळानंतर माझा नंबर लागला म्हणून मी आणखी चिडले.

जूनमध्ये एका रविवारी नवरा लॅपटॉपवर बातम्या वाचत बसला होता. "बाबा, हे ऐका, तुमच्या सब्जेक्टचं आहे," म्हणत त्यानं वाचून दाखवलं. त्या वसंतात काही शास्त्रज्ञांनी पुष्कळ प्राण्यांचे जीन्स ताडून पाहिले होते, आणि निघालं असं, की प्राण्यांच्या वृक्षाची सगळ्यात पहिली फांदी स्पंजची नसून कॉम्ब जेलीची असावी. बातमी लिहिणाऱ्यानं पुढे मीठमसाला लावून म्हटलं होतं की आपण सगळे जेलीपासून आलो.

बाबा उठून नातीच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मला वाटलं, झालं. जन्मभर जे शिकवलं तेच खोटं ठरलं, आता म्हातारा खाणंपिणं सोडणार. मी दारातून डोकावले. ते तक्त्याला जवळजवळ नाक लावून, बोटानं बुंध्याजवळची फांदी चाचपत उभे होते. चेहऱ्यावर दुःख बिलकूल नव्हतं. परीक्षेचा पेपर फुटल्यावर एखाद्या पोराचा होतो तसा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी कोथिंबीर निवडत होते तर ते समोर येऊन बसले आणि जुडीतली एक काडी उचलून म्हणाले, "हे पाहा. जेलीपासून आलो म्हणणारा गाढव आहे. ही मुख्य काडी. इथं ही एक डिरी फुटली, ती आजपर्यंत वाढत गेली, ती कॉम्ब जेली. उरलेली काडी पुढं गेली, तिच्यावर बाकीचे सगळे. स्पंज, मासा, तू, मी. ती आपली आजी नाही. पहिल्यांदा वेगळं घर केलेली लांबची चुलत बहीण आहे."

"मग त्यात एवढं काय?" मी म्हटलं. "स्पंज आधी गेला काय नि ती आधी गेली काय."

त्यांनी फ्रिजकडे असं पाहिलं की फ्रिजला लाज वाटावी. "अगं, स्पंजाला नस नाही. स्नायू नाही. तोंड नाही. म्हणून आम्ही म्हणत होतो, पहिल्यांदा असे साधे प्राणी झाले, मग हळूहळू नसा आल्या, स्नायू आले. सरळ जिना. आता ही बाई पहिली निघाली. हिला नसा आहेत, स्नायू आहेत, तोंड आहे, पोहते, शिकार करते. मग काय झालं असेल? एक तर नसा अगदी पहिल्यापासून होत्या आणि स्पंजानं त्या गमावल्या. नाही तर निसर्गानं नसा दोनदा कमावल्या. एकदा तिच्या घरी, एकदा आपल्या." काडी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "दोन्हीपैकी काहीही खरं निघालं, किंवा उद्या कोणी हेच चूक म्हणून दाखवलं, तरी मला झोप येत नाही."

मी कोथिंबीर निवडायची थांबले होते. मी कॉमर्सची. प्राण्यांशी माझा संबंध झुरळं मारण्यापुरता. पण हातातल्या त्या काडीकडे बघताना मला खरोखर गरगरल्यासारखं झालं. मी जेव्हा 'मीठ बरोबर आहे ना' असं विचारते, तेव्हा ते विचारणारी जी काही यंत्रणा माझ्या डोक्यात आहे, ती कुठल्या तरी काळोख्या समुद्रात पहिल्यांदा जमून आली होती. आणि कदाचित दुसऱ्या कुणीतरी, आम्हाला न विचारता, ती वेगळी जमवली होती. मला एकदम त्या बाईबद्दल आदर वाटला.

"मला ती एकदा जिवंत पाहायची आहे," बाबा म्हणाले. "आयुष्यभर रिकामी बरणी दाखवली पोरांना. पुढच्या वर्षी डोळे नसतील."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. मी काड्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या.

पण समुद्रात ती कुठे आणि कधी भेटते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते कळलं ऑगस्टच्या सुरुवातीला, रांगोळीच्या प्रॅक्टिसला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या रांगोळीचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं आणि आमच्या गॅरेजमध्ये तीन-चार जणी जमायच्या. त्यातल्या एक काकू वीकेंडला समुद्रावर जाऊन आलेल्या. ठिपके काढता काढता त्या सांगायला लागल्या, "ईऽ, काय ते पाणी. पायाला सारखं काहीतरी लिबलिबीत लागत होतं. जेलीफिशच म्हणे, पण चावत नव्हते. पोरं तर एकमेकांवर फेकत होती."

घरात जाणाऱ्या दारात बाबा उभे. "चावत नव्हते? मग जेलीफिश नव्हेत. कुठं? कोणत्या किनाऱ्यावर?" काकूंनी घाबरून ठिपकाच चुकवला.

पुढच्या शनिवारी त्या किनाऱ्यावर नवराही येणार होता, पण सकाळीच त्याला ऑफिसचा फोन आला, त्यांची सिस्टिम बंद पडली होती. "बाबा, सॉरी, प्रॉडक्शन डाउन आहे. आज नाही जमणार." मला लायसन्स मिळून वर्षच झालेलं आणि हायवेवर ट्रक शेजारून गेला की मी अजून स्तोत्र म्हणत असे. तरी मी, नात आणि बाबा निघालो. सोबत चहाची गाळणी आणि दह्याचे दोन पांढरे डबे. अमेरिकेतल्या आमच्या घरांत दह्याचा रिकामा डबा कोणी टाकत नाही. त्यात उरलेली भाजी जाते, इडलीचं पीठ जातं, पाहुण्यांबरोबर लाडू जातात. प्राणिशास्त्रही त्यातच जाणार, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

उथळ खाडी होती. पाणी कोमट. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत शिरले. दहा पावलं गेले असतील नसतील, तोच जागच्या जागी उभे राहिले. "लागलं," ते म्हणाले. "पायाला लागलं."

मीही आत गेले. खरंच, पोटरीला काहीतरी गुळगुळीत टेकून सरकत होतं, पण पाण्यात डोळे फाडफाडून बघितलं तरी पाणीच. मी गाळणी खाली घालून उचलली. गाळणीत एक ताडगोळ्यासारखा गोळा आला, क्षणभर तिथे राहिला आणि मग जाळीतून तुकडे तुकडे होऊन खाली ओघळला. दुसरा गेला, तिसरा गेला. शेवटी मी डबाच बुडवून पाणी भरून घेतलं. बोटाला लागत होतं, म्हणजे आत कोणीतरी होतं. पांढऱ्या डब्यात दिसत मात्र काहीच नव्हतं. बाबांनी भिंग लावून पाहिलं. नातीनं डबा हलवून पाहिला.

"आजोबा, इट्स जस्ट वॉटर," ती म्हणाली.

"घरी नेऊ," बाबा म्हणाले. "दिव्याखाली पाहू."

मग आम्ही एक घोडचूक केली. ऑगस्टचं ऊन, वाटेत ट्रॅफिक, निम्मं पाणी गाडीतल्या मॅटवर सांडलेलं. घरी पोचेपर्यंत डब्यातलं पाणी कोमटहून जास्त झालं होतं. बाबा म्हणाले, पाणी बदलायला हवं. समुद्राचं पाणी आणायचं कुठून? मी नळाचं पाणी घेतलं आणि त्यात मीठ घातलं. किती? अंदाजानं. मी चमच्यानं चव घेतली, बाबांनी चव घेतली, त्यांनी आणखी चिमूटभर घालायला सांगितलं, मी परत चव घेतली आणि दोघांनीही मान डोलावली. तिला आम्ही, अगदी प्रेमानं, आमटीच्या अंदाजाच्या पाण्यात सोडलं.

चहा होईपर्यंत बोटाला काही लागेनासं झालं. पाणी थोडं गढूळ होतं, बस. बाबांनी डबा दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला, आणला, परत नेला.

"आता यावर लेबल लावा," ते म्हणाले.

मी हसले नाही. ते इतके थकलेले दिसत होते की मला रडू यायला लागलं आणि मी कांदा चिरायला घेतला.

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. परतीचं तिकीट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं आणि पुढे इतका लांबचा प्रवास एकट्यानं करता येईल अशी लक्षणं नव्हती. त्यांचा चष्मा ते हल्ली टेबलावरून चाचपून घेत. मी नवऱ्याला म्हटलं, मत्स्यालयात घेऊन जाऊ. त्यानं विचारलं तर बाबा म्हणाले, "कशाला? काचेमागचं मी पुष्कळ शिकवलं."

मंडळाच्या हॉलची फरशी जवळजवळ पांढरी. पांढऱ्यावर पांढरी रांगोळी घालून काय उपयोग, म्हणून आम्ही दरवर्षी कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या फाडून, चिकटपट्टीनं फरशीवर ताणून बसवतो आणि त्यावर रांगोळी काढतो. गॅरेजमध्ये मी त्या ताणत होते. नातीनं चिमटीत रांगोळी घेऊन पहिली रेघ ओढली. पिशवीवर ती रेघ अशी लखकन उमटली, की मी चिकटपट्टी हातात धरून तशीच बसून राहिले.

आपण तिला पांढऱ्या डब्यात शोधत होतो.

शनिवारी पहाटेच निघालो. पुन्हा आम्ही तिघंच, कारण प्रॉडक्शन पुन्हा डाउन होतं. ते बहुधा आमच्या घराच्या मुहूर्तावरच डाउन व्हायचं. या वेळी गाळणी नाही आणि मीठ तर नाहीच नाही. लोणच्याची मोठी काचेची बरणी घेतली होती, तिखट जाईपर्यंत धुतलेली, आणि काळ्या पिशव्यांचं अख्खं भेंडोळं. घरी काही आणायचं नव्हतं. जे बघायचं ते तिथेच.

खाडीच्या टोकाला बोटी बांधायचा एक लाकडी धक्का होता. त्यावर मी पिशवी अंथरली. नात पोटावर पालथी झाली, बाबांनी तिचे पाय धरले, आणि तिनं बरणी पाण्याखाली तिरकी धरून ठेवली. "उचलू नको," बाबा तिला सांगत होते. "तिला आपणहून येऊ दे. पाणी येईल, तशी तीही येईल." बरणी भरली. मी ती हळूच वर घेऊन काळ्या पिशवीवर ठेवली, आणि पिशवीचं एक टोक वर उचलून मागच्या बाजूनंही काळा पडदा केला. सूर्य बाजूनं येत होता.

आधी काहीच नाही. मग पाण्यात एक कडा दिसली, फुंकून सोडलेल्या साबणाच्या फुग्याला असते तेवढीच. आणि मग त्या कडेवरून एक रंगीत रेघ खाली धावली. हिरवी, निळी, जांभळी, लाल, एकामागून एक. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. वरून खाली, वरून खाली, न थांबता. आठही ओळी चालू होत्या. तिचं शरीर असं काही दिसतच नव्हतं. पाण्यात नुसत्या रंगाच्या फण्या पाणी विंचरत होत्या.

नात कधी नव्हे ते अगदी हळू म्हणाली, "आजोबा, शी इज रनिंग रेनबोज."

आयुष्यात मी देवळांत गेले आहे, घाटात उभी राहिले आहे, लेकीला पहिल्यांदा हातात घेतलं आहे. पण तिथे काय वाटायला हवं, ते आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. इथे कोणी काही सांगून ठेवलं नव्हतं. लोणच्याच्या बरणीत, माझ्या गुडघ्यापाशी, ती बाई होती. तिला मेंदू नाही, हृदय नाही, डोळे नाहीत. डोक्यावर रव्याच्या कणाएवढा एक खडा, त्याच्या झुकण्यावरून तिला वर कुठलं नि खाली कुठलं ते समजतं, असं बाबांनी सांगितलेलं. बास, तेवढ्या भांडवलावर तिच्या घराण्यानं एवढा काळ काढला होता, ज्याच्यापुढे डोंगरही कालचे.

मी वर पाहिलं. बाबा बरणीपुढे मांडी घालून बसले होते, वाकून, भिंग लावून, थेट तिच्याकडे बघत.

"दिसतंय ना?" मी विचारलं.

"बरणी दिसते," ते म्हणाले. "बरणीची कड दिसते, पिशवी दिसते. मधे काही नाही."

मी बरणी फिरवली. उन्हात सरकवली. "आता?"

"नाही."

नात त्यांना सांगायला लागली, "राइट देअर, आजोबा, राइट देअर," आणि बोट काचेला लावून दाखवायला लागली. ते अजून वाकले. मी काळा पडदा आणखी ताणून धरला, जणू पडद्याचीच चूक होती. उशीर झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी कदाचित दिसलं असतं, आणि तेव्हा मी तिला मिठाच्या पाण्यात घातलं होतं.

त्यांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलं नं. झालं." आणि उठायला म्हणून हात टेकून, मान वळवून, त्यांनी तोंड समोरच्या बांधलेल्या बोटीकडे केलं.

आणि तसेच थांबले.

"हलवू नका," ते म्हणाले. "बरणी हलवू नका."

ते बोटीकडे बघत होते. अगदी एकटक, त्या बोटीत काही गुपित असावं तसे. त्यांचा हात मात्र हळूहळू उठला, आणि हवेत, बरणीच्या बाजूला, बोटं वरून खाली चालायला लागली. वरून खाली, वरून खाली. आत फण्या जशा चालत होत्या, बरोबर त्याच लयीत.

"चालते आहे," ते म्हणाले. "चालते आहे नं ती. पाहून राहिलो मी."

"रंग दिसतात?" मी विचारलं.

"रंग कमी. पण चालणं दिसते. झरझर." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही, कारण हलवला असता तर ती निसटली असती. मग ते बोटीशी बोलायला लागले, जसे वर्गात बोलत असतील तसे. "हे रंग तिचे नाहीत. तिच्या अंगात रंगच नाही. केसांसारख्या बारीक फण्यांवर ऊन फुटतं, त्याचे आहेत. हिच्या पूर्वजांच्या फण्या पहिल्यांदा चालल्या, तेव्हाही ऊन फुटलंच असेल. आणि जगात तेव्हा डोळा नव्हता. एकही नव्हता. समजलं का? कोणी पाहणारं नव्हतं, तरी चालूच होतं."

नात त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "सो वी आर द फर्स्ट वन्स टु सी हर?"

"हिला? हो," बाबा म्हणाले. "हिला आपणच."

मी बाबांकडे बघत होते. त्यांचं तोंड बोटीकडे, आणि ते बघत होते बरणीतल्या जिवाकडे. मला एकदम आमचं जेवणाचं टेबल आठवलं. मी एका बाजूला, फ्रिज माझ्या डाव्या हाताला, आणि मे महिन्यापासून रोज तीन वेळा फ्रिजकडे तोंड करून बोलणारे बाबा. डोळ्याच्या मधोमध काही उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते कडेला होतं. म्हणजे त्यांना ज्या माणसाला बघायचं असेल, त्याच्यावरून नजर काढून घ्यावी लागत होती. फ्रिजकडे बघून बोलताना त्या घरात ते फक्त मलाच बघत होते.

पडदा धरलेला हात भरून आला होता, तो मी तसाच धरून ठेवला.

ऊन वर चढल्यावर बाबांनीच सांगितलं, "सोडा आता. तापेल ती." नातीनं बरणी पाण्याखाली नेऊन आडवी केली. ती केव्हा बाहेर पडली ते आम्हाला कोणालाच दिसलं नाही. बरणीत पाणी होतं आणि बाहेरही पाणीच होतं. येताना हायवेवर शेजारून तीन ट्रक गेले आणि मला स्तोत्राची आठवणही झाली नाही.

ते निघाले त्या दिवशी आम्ही सगळे बॉस्टनला विमानतळावर गेलो. नातीच्या खोलीतला तक्ता त्यांनी नेला नाही. तिच्याकडून बुंध्याशी पेन्सिलनं एक नवी फांदी काढून घेतली होती, आणि तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह खोडायचं नाही, असं तिला बजावलं होतं.

सिक्युरिटीच्या रांगेत शिरायच्या आधी त्यांनी नातीला जवळ घेतलं, मुलाच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्या समोर आले, आणि तोंड शेजारच्या खांबाकडे वळवलं. खांबाला म्हणाले, "जेवण उत्तम होतं. मीठ एकदाच चुकलं."

मी वाकून नमस्कार केला आणि उभी राहिले. ते खांबाकडे बघतच राहिले. खूप वेळ, एकटक. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून रांगेत शिरू लागली. नवऱ्याला अवघडल्यासारखं झालं. "बाबा, अहो तिकडे काय बघताय? ती इकडे आहे," असं म्हणून तो त्यांच्या आणि माझ्या मध्ये आला.

मी त्याला हाताला धरून बाजूला केलं.

"बघतायत ते," मी म्हटलं. "तू मध्ये येऊ नकोस."

आणि मी जागची हलले नाही.